समुद्र तुझ्या बाजूला

(सर्वण, डिचोली. रविवारची सकाळ. सोप्यावर चहा, पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, नुकतेच दिलेले गरम उंडे पाव आणि प्रियाचा उघडा लॅपटॉप.)

प्रिया : नको म्हणजे काय गो आई? विमान बुक झालं, हॉटेल बुक झालं, बेटावर जायची बोट बुक झाली. बाबांनी तर बर्मुडासुद्धा घेतली.

देवकी : बर्मुडा बघलंय मी. पोपट असत तेच्यार. ह्या वयात पोपट!

सगुण : पोपट नव्हेत ते, माड आहेत. चष्मा लाव आणि पळय. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात चार दुकानं फिरून घेतली.

प्रिया : बाबा, बर्मुडा राहू दे. आई, तुमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. पस्तीस वर्षांत तुम्ही दोघं कुठं फिरायला गेलात, सांग बघू.

सगुण : वास्कोला गेलो होतो.

प्रिया : काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला.

सगुण : पण येताना बंदर बघितलं की. मोठ्या बोटी बघितल्या. तुझ्या आईने दोन प्लेट मिरची भजी खाल्ली.

देवकी : एक प्लेट. दुसरी तुमी खाल्लात.

प्रिया : झालं? म्हणजे हनिमूनला एक प्लेट भजी. पाच वर्षं मी म्हापशाला त्या ऑफिसात बसून दुसऱ्यांची तिकिटं काढते. पेडण्याचे, डिचोलीचे नवरा-नवरी येतात, त्यांना मालदीवला धाडते, बालीला धाडते. एकदा तरी आपल्या माणसांची नावं त्या फॉर्मवर लिहायची होती मला. सगुण आणि देवकी, अंदमान, पाच रात्री. लिहिताना ऑफिसात रडले मी. बाजूची श्रद्धा हसली मला.

देवकी : माका बरा वाटला गो बाये. खरा सांगतंय, मी रातभर ता कागद उशाशी घेऊन निजलंय. पण डिसेंबरात नको. फुडे कर.

प्रिया : डिसेंबरात काय अडलंय?

देवकी : सुपारी काढूची असा.

सगुण : सुपारी काढायला पाडेली येतो. तू काय पोफळीवर चढतेस?

देवकी : मोतीक कोण बघतलो?

प्रिया : मोतीला मी बघते. कुत्रा तुझ्यापेक्षा माझं जास्त ऐकतो.

देवकी : माका बोट लागता.

प्रिया : बोटीत कधी बसलीस तू?

देवकी : फेरीबोटीत.

सगुण : फेरीबोट लागेपर्यंत पलीकडचा काठ येतो गो.

प्रिया : आई, माझ्याकडे बघ. गिऱ्हाईक असं तीन-तीन कारणं देऊ लागलं, की आम्ही ओळखतो. खरं कारण चौथं असतं. सांग.

देवकी : बारा, तेरा, चौदा. ह्ये तीन दिवस तेवढे सोड. पंधराक माका अंदमानाक ने नायतर लंडनाक ने, मी एक शब्द काढूचंय नाय.

प्रिया : बारा, तेरा, चौदाला काय आहे?

देवकी : काय नाय. माका गाडयेन फिराक जावचा असा. तुझ्या बापाशीच्या गाडयेन. दर्याच्या कडेकडेन.

प्रिया : अच्छा! म्हणजे विमान नको, गाडी पाहिजे. कुठून कुठं?

देवकी : हयसून पेडणा. पेडण्यासून केरी. थंय फेरीबोटीत गाडी घालूची, तेरेखोलाक उतराचा. मगे रेडी, शिरोडा, वेंगुर्ला...

प्रिया : वेंगुर्ल्याच्या पुढे?

देवकी : फुडे दर्या असा.

प्रिया : दर्या बाजूला आहे, आई. पुढे मालवण आहे. आणि मालवणच्या अलीकडे तुझं माहेर आहे.

सगुण : चहा निवला गो तुमचा.

प्रिया : बाबा, चहा निवू दे. आई, तू माहेरी जाणार? बाबलीमामाचं नाव काढलं तर भांडी आपटणारी तू?

देवकी : माहेराक जातंय म्हणान कोणी सांगला? त्या घराच्या उंबऱ्यार पाय ठेवूचंय नाय, बावीस वर्षांआधी बोललंय, आजय ताच बोलतंय.

प्रिया : मग तिथपर्यंत जाऊन करणार काय? गावाबाहेर गाडी लावून परत फिरणार?

देवकी : त्या तीन दिवसांत गावच गावाभायर असतलो.

प्रिया : म्हणजे?

देवकी : गावपळण असा.

प्रिया : ते काय असतं?

सगुण : सांग तिला. म्हापशात नोकरी करून तिला मालदीव माहीत, आजोळ माहीत नाही.

देवकी : आमच्या गावात चार वर्षांनी येता. देवाक कौल लावतत. देवाच्या अंगार कळे चिकटवतत, उजवो कळो पडलो की देव होय म्हणालो. मगे तीन दिवस, तीन राती सगळो गाव भायर. माणसा, गुरा, कोंबडी, कुत्रे, सगळी वेशीच्या भायर माळार. गावात कोणी दिवो लावूचो नाय, चूल पेटवूची नाय. माळार झावळांच्ये झोपडे घालतत नि थंयच रांधतत, थंयच भजना, थंयच सगळा. ते दिवस गाव देवाचो, माणसांचो नाय.

प्रिया : आणि आजारी माणसं? म्हातारी?

देवकी : ती पण. चलता ता चलता, नाय चलता तेका उचलून नेतत. मी ल्हान असताना बापाशीन आमची मांजर टोपलेत घालून नेल्ल्यान. माका वाटायचा, वर्षभर पळण असाची, शाळाच नको.

प्रिया : हे तुला कळवलं कोणी?

देवकी : दिपालीन. बाबलीची सून ती. मोबाइलार लिवता माका. गेल्या सोमवारी कौल झालो, सांजच्याक तिचो मेसेज, “आत्या, बारा तारीख.” आणि तुझी विमाना पण बारा तारखेची. मी कपाळाक हात लावलंय.

प्रिया : आई, एक विचारू? मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला एवढंच आठवतं, मी पंगतीत बसले होते, हातात लाडू होता, आणि तू मला दंडाला धरून ओढत बाहेर नेलंस. लाडू पडला. काय झालं होतं?

सगुण : जुनी गोष्ट ती. सोड ना.

देवकी : सोडूची कित्याक? आयक गो. बाबलीन नवीन घर बांधल्यान. घरभरणी होती. मी आधीच जावन ऱ्हवलेलंय. हेंका सुट्टी गावली नाय. दोन खेपी मारून, खाणीसून थेट मालवणाक इले.

सगुण : मुहूर्त चुकू नये म्हणून अंघोळ राहिली. खनिजाचा टिप्पर जेटीवर रिकामा केला, आणि मिळाल्या बशीत बसलो.

देवकी : डोक्यापासून पायापर्यंत तांबडे. खाणीची माती. दारात इले, आणि माझो भाव, सख्खो भाव, सगळ्या गावासमोर म्हणालो, “सगुणा, त्या पायांनी नवीन लाद्येर नको. मागच्या पडवीत बस, थंयच पान वाढतंव.”

सगुण : पाय खरंच तांबडे होते गो. आणि लाद्या पांढऱ्या.

देवकी : तांबडे होते ते कोणासाठी? त्याच पायांनी ह्या घर उभा ऱ्हवला. त्याच पायांनी ह्या चेडवाची फी भरली. मी पानावरसून उठलंय. उंबऱ्यात उभी ऱ्हवान म्हटलंय, ज्या उंबऱ्यार माझ्या घोवाचो पाय चलना नाय, तेच्यार माझो पाय परत पडाचो नाय. देवाचा नाव घेऊन म्हटलंय.

सगुण : आणि मी? मी मागच्या पडवीत बसून दोनदा खीर मागून घेतली होती. आत एवढं रामायण झालं ते मला बस-स्टँडवर कळलं.

प्रिया : बाबा! तुम्हाला राग नाही आला?

सगुण : भूक लागली होती. राग यायला पोट भरलेलं लागतं.

देवकी : हेंच्या वाटचो राग मीच केलंय. आजून करतंय.

सगुण : आणि दर भाऊबीजेला शेजारच्या परेशला ओवाळते. बावीस वर्षं. पहिल्या वर्षी परेश चौथीत होता. आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत, तरी आपला पाटावर येऊन बसतो बिचारा. ओवाळून झालं की ही मागच्या दारी जाते आणि डोळे पुसते. धूर गेला म्हणते.

प्रिया : आई...

देवकी : निरांजनाचो धूर जाता.

प्रिया : मग आता एवढ्या वर्षांनी? तुझा राग तर आहे म्हणतेस.

देवकी : राग असा. पण बाबलीक शिमग्यात वारो गेलो. उजवी बाजू पडली तेची. हात उचलना नाय, पाय उचलना नाय. दिपाली म्हणता, तेका ह्या पळणीक खुर्चीत घालून नेतले. फुडची पळण चार वर्षांनी. चार वर्षा तो असात काय गो? माका तेका एकदा बघूचो असा. घरात जावक येना नाय, माझी शपथ असा. आणि घर सोडून तो भायर पडता तो ह्येच तीन दिवस.

प्रिया : आणि झोपडीला...

देवकी : झोपडेक खंय असता उंबरो? चार वासे, वर झावळा. देवान आख्खो गाव उचलून भायर ठेवल्यान. माका वाटला, माझ्यासाठीच ठेवल्यान. हसा तुमी दोघा. पण माका तसा वाटला.

प्रिया : कोण हसतंय? मग हे आधी सांगायचं नाही का? मी समजले, तुला माझी भेटच आवडली नाही.

देवकी : हेंका काय वाटात? अपमान हेंचो झालो. आणि मीच उठून जातंय, भाव भाव करीत.

सगुण : मला काय वाटायचंय? मला माहीत होतं.

देवकी : काय म्हायत होता?

सगुण : पळण. बारा तारीख. दिपालीचा मेसेज तुला सोमवारी संध्याकाळी आला ना? मला सोमवारी दुपारी कळलं.

देवकी : कोणी सांगला?

सगुण : बाबलीने.

प्रिया : बाबा! तुम्ही मामाशी बोलता?

सगुण : चवथीला बोलतो. गणपती बसला की एक फोन. “पावले?” “पावले.” एवढंच. पण दर चवथीला.

देवकी : आणि शिमग्याक. आणि तेका वारो गेल्यापासून दर ऐतवारी.

सगुण : तुला... तुला कसं कळलं?

देवकी : कुळागरात पोफळींक पाणी सोडूक मोटर चालू करतात आणि तेच्या बाजूक बसान फोनार वरडतात. मोटरीचो आवाज मोठो, म्हणान तुमी तेच्यापेक्षा मोठ्यान वरडतात. सगळ्या सर्वणाक ऐकाक येता, “बाबल्या, गोळ्यो घेतलंस?” मी काय भैरी असंय?

सगुण : आणि कधी बोलली नाहीस!

देवकी : तुमी माका सांगूक नाय, म्हणान मी पण इचारूक नाय. मी म्हटला, चलू दे. कोण तरी तेका गोळ्यांचा विचारता मां.

प्रिया : मी या घरात राहते की नाही, मला कळेना. बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग अंदमानसाठी एवढे का नाचलात? बर्मुडा कशाला?

सगुण : आता काय सांगू? शपथ तिची. मी जाऊया म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, तुमच्या शब्दाखातर जाते. मग आयुष्यभर ते माझ्या शब्दाखातर झालं असतं. तिने आपल्या तोंडाने म्हणायला पाहिजे होतं. मी वाट बघत होतो. म्हटलं, बर्मुडा आणली की भांडण तरी निघेल.

देवकी : बघ गो. ह्ये असे असत तुझे बापूस. वरसून भोळे.

प्रिया : बरं. तुम्हा दोघांचं झालं असेल तर आता मला माझं काम करू द्या. अंदमान फेब्रुवारीत ढकलते, ते मी बघून घेते. आता गाडीचं. बारा तारखेला निघायचं. ड्रायव्हर सांगू?

सगुण : कोणाला? मला? तीस वर्षं टिप्पर चालवला मी. दहा टन माती भरून पावसात घाटी उतरलो. मला ड्रायव्हर?

प्रिया : तुमचा गुडघा?

सगुण : गुडघा बसताना दुखतो, चालवताना नाही. रस्ता लिही. सकाळी पाचाला सुटायचं, म्हापशात शिरायचं नाही. पेडण्याहून केरी, फेरीबोट, तेरेखोल, रेडी. शिरोड्याला उतरून चहा. वेंगुर्ल्याहून आत वळायचं नाही, किनाऱ्यानेच जायचं.

प्रिया : हायवेने दीड तास लवकर पोचाल.

सगुण : हायवेला दर्या कुठं दिसतो? आणि ऐक, उत्तरेला जाताना पश्चिम डाव्या हाताला. म्हणजे जाताना समुद्र तुझ्या आईच्या बाजूला. तिने काच खाली करून बसायचं. येताना माझ्या बाजूला.

देवकी : येताना तुमी रस्त्यार बघा. दर्या मी बघून सांगीन.

प्रिया : राहायचं कुठं? तारकर्लीला माझ्या ओळखीचं एक घर आहे, अगदी पाण्यावर. रात्री तिथं झोपा, दिवसा माळावर जा.

देवकी : नाय. माळार ऱ्हवतलंय मी. झोपडेत.

प्रिया : आई, थंडी असते डिसेंबरात.

देवकी : शेकोटी असता. मी चार पळणी केलंय, पाचवी पण करीन. ह्येंका वाटला तर ते जाऊ दे तारकर्लीक, पोपटांची बर्मुडा घालून.

सगुण : माड आहेत ते! आणि मी का जाईन? हनिमून एकट्याने करतात का कोणी?

प्रिया : बरं, झोपडी. चेक-इन बारा तारीख. चेक-आउट?

देवकी : तां सांगूक येना नाय. तीन दिवसांनी परत कौल लावतत. देव होय म्हणालो की घराक जावचा. नाय म्हणालो तर आनी एक दिवस.

प्रिया : आणि परत नाही म्हणाला तर?

देवकी : तर आनी एक.

प्रिया : पाच वर्षांत असं बुकिंग मी केलेलं नाही. चेक-आउट, देवाच्या मर्जीने. श्रद्धाला दाखवायला पाहिजे हे.

सगुण : चार उशा लिही. दोन माझ्या गुडघ्याला. आणि उंडे घे दोन डझन, बाबलीला आवडतात. आजाऱ्याला चहात बुडवून मऊ लागतात. बॅटरी, चादरी, माझी ती बर्मुडा...

प्रिया : लिहिते. आई, तू काय नेणार? आई? तोंड का उतरलं तुझं?

देवकी : काय नाय.

प्रिया : आता परत काय नाय नको. चौथं कारण सांग.

देवकी : मी जातलंय खरी. पण तेना माका बघून तोंड फिरवल्यान तर? बावीस वर्षा मी एक फोन करूक नाय. तेच्या झिलाचा लगीन झाला, गेलंय नाय. तेची बायको, शालिनी वयनी वारली, तेव्हा सुद्धा भायरच्या बांधार उभी ऱ्हवान परत इलंय, भितर पाय उचलोच नाय. तो म्हणात, आता कित्याक इलंस? मी मरतंय की जगतंय, ता बघूक? हलाक येना नाय तेका. तोंड फिरवूचा तेवढाच तेच्या हातात असा. तेवढा तरी तो करीत.

प्रिया : नाही करणार गो.

देवकी : तुका काय म्हायत? तू तेका धड बघलंस सुद्धा नाय.

सगुण : मी सांगू?

देवकी : तुमी काय सांगतल्यात?

सगुण : सोमवारी फोनवर तो काय म्हणाला, ते सांगतो. आधी सांगणार नव्हतो. म्हटलं, तिथं गेल्यावर त्याच्याच तोंडून ऐक. पण आता तू अशी बसलीस तर मला उंडा गिळवत नाही.

देवकी : काय म्हणालो?

सगुण : बोलणं जड झालंय त्याचं. अर्धं कळतं, अर्धं नाही. मी मोटर बंद केली आणि परत परत विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, “पळण बाराक. देवकीक सांगू नको, ती आपणहून येतली.”

देवकी : मेल्याक कसा कळला?

सगुण : मग म्हणाला, झोपडी वेशीपासून सगळ्यांत लांब घालायला सांगतो, म्हणजे तिला गावच्या हद्दीतसुद्धा पाय घालायला नको. मग म्हणाला, “सगुणा, तुझा पान माझ्या बाजूक मांडूक सांगलंय. चप्पल काढून बस. माळार सगळ्यांचेच पाय तांबडे.”

देवकी : असा म्हणालो?

सगुण : असंच म्हणाला. दोनदा म्हणाला. पहिल्यांदा मला नीट कळलं नव्हतं.

प्रिया : आई... रडतेस?

देवकी : रडतंय. मगे रडूक नको? बावीस वर्षांचा असा ता... ह्ये उंडे निवले बघ. दुसरे गरम करतंय. प्रिया, तू त्या लॅपटॉपात बघून सांग, केरीची पयली फेरीबोट किती वाजता सुटता?